मुका बिघाड

मावशीच्या बंगल्यातला अलार्म नेमका गुरुवारी वाजायचा. मावशी दत्तभक्त असल्यामुळे तिला यात फारसं वावगं वाटत नव्हतं. शेजारच्या काकांना मात्र वाटत होतं. "तुझ्या मावशीकडचा चोर वार पाळतो," असं त्यांनी मला फाटकातच सुनावलं.

पुणेकराला याचं उत्तर खरं तर लगेच सुचायला हवं. देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायची ती गुरुवारी, हा इथला जुना शिरस्ता. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टीही त्याच दिवशी असते. पण दुरुस्तीला येऊन गेलेल्या मुलांपैकी एकानेही वार विचारला नव्हता. ते यायचे, स्टुलावर चढून सेन्सर पुसायचे, "मॅडम, पाल फिरली असेल" म्हणायचे आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जायचे. पालीवर फार आळ येतो. त्यातला थोडा खराही असतो, पण ते पुढे.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये बरीच वर्षं काढली. बॉयलरचा दाब, टाकीची पातळी, भट्टीचं तापमान मोजणारी उपकरणं खरं बोलतात की नाही, हे बघायचं काम. त्या कामाने एक खोड लावली आहे. कुठलंही यंत्र समोर आलं की ते काय सांगतंय याआधी मनात येतं, हे सांगायचं थांबलं तर आपल्याला कळेल का? मावशी म्हणाली, "अगं, तू त्यातलीच ना? बघ की एकदा." म्हणून मल्टिमीटर पिशवीत टाकून गेले.

घरफोडीच्या अलार्मचा संसार तसा छोटा असतो. दाराखिडक्यांवर चुंबकाचे कॉन्टॅक्ट, खोल्यांच्या कोपऱ्यात माणसाची हालचाल टिपणारे सेन्सर, बाहेर भिंतीवर हूटर, आणि या सगळ्यांच्या वायरी जिथे येतात तो पत्र्याचा डबा, म्हणजे पॅनल. मावशीकडे तो चपलांच्या कपाटावर बसवलेला. आत सर्किट आणि तळाशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी. घर 'झोन'मध्ये वाटलेलं असतं: पुढचं दार, मागचं दार, दिवाणखाना, बेडरूमची खिडकी. पॅनलला चोर म्हणजे काय हे ठाऊक नसतं. अमुक झोनमधून येणारा प्रवाह चालू आहे की तुटला, एवढंच त्याला समजतं. बाकी सगळा अर्थ आपण लावलेला.

बहुतेक पॅनलमध्ये घडलेल्या गोष्टींची नोंद राहते. की-पॅडवर दोनचार बटणं दाबली की ती एकेक करून मागे वाचता येते. दुरुस्तीला आलेल्यांनी सेन्सर पुसण्याआधी ही नोंद वाचली असती तर स्टूल लागलंच नसतं. त्यात दोन गोष्टी ठळक होत्या. एक, तारखा. सगळ्या घटना जानेवारीच्या पहिल्या काही दिवसांतल्या; आम्ही तेव्हा ऑगस्टमध्ये होतो. म्हणजे पॅनलचं घड्याळ पुन्हा पुन्हा १ जानेवारीवर येत होतं, आणि तसं होण्यासाठी पॅनलची वीज पूर्ण जायला हवी. वीज गेली तर बॅटरी असते ना? दुसरी गोष्ट, प्रत्येक वेळी दिवाणखाना, जिना, बेडरूम, स्वयंपाकघर या चारही खोल्यांत एकाच सेकंदाला चोर शिरले होते. एवढी शिस्त चोरांच्या टोळीत नसते. सगळे झोन एकदम ओरडले की सेन्सरकडे बघायचंच नाही, त्या सगळ्यांना मिळून जे एक लागतं तिकडे बघायचं. ते म्हणजे वीजपुरवठा.

बॅटरीवर मीटर लावलं तर १२.६ व्होल्ट. ठणठणीत वाटावी अशी. पण लेड-अॅसिड बॅटरी नुसती मोजून कळत नाही, तिला काम सांगून मोजावं लागतं. मेन स्विच बंद केला, हूटर वाजवला, आणि आकडा डोळ्यांदेखत ९च्या खाली गेला. आत रासायनिक जीवच उरला नव्हता. मग गुरुवारचा सगळा क्रम उलगडला. सकाळी वीज गेली की पॅनल बॅटरीवर यायचं आणि व्होल्टेज घसरायला लागायचं. खोल्यांतल्या सेन्सरमध्ये एक छोटा रिले, म्हणजे विजेने उघडणारा-मिटणारा स्विच असतो. सेन्सरला वीज मिळते आहे आणि काही हालचाल नाही, तोवर तो सर्किट जोडून धरतो. व्होल्टेज पडल्यावर चारही रिलेंनी हात सोडले. पॅनलच्या मेंदूला ५ व्होल्टच पुरतात, त्यामुळे तो अजून जागा होता. त्याने चार चोर नोंदवले, हूटरला हुकूम दिला, हूटरने घसा बसल्यासारखा आवाज काढला, उरलेसुरले व्होल्ट त्यातच गेले आणि सगळं मेलं.

अशा बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षं टिकतात, तेही २५ अंशांच्या आसपास ठेवल्या तर. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य सुमारे निम्मं होतं. पश्चिमेच्या भिंतीवर, बंद पत्र्याच्या डब्यात, एप्रिल-मे महिन्यांत काय होत असेल ते बघा. ही बॅटरी बंगल्याला अलार्म बसवला तेव्हाचीच होती. कॉलेजात शिकणारा मावसभाऊ दरम्यान सिडनीला जाऊन, नोकरी धरून, लग्न करून मोकळा झाला होता. गंमत अशी की घरात इन्व्हर्टर होता. दिवे, पंखे, टीव्ही, वाय-फाय, सगळं त्यावर. अलार्मचा प्लग तेवढा साध्या विजेवर, कारण बसवणाऱ्याला जवळचा सॉकेट तोच सापडला.

नवी बॅटरी घातली, चार्जिंगचं व्होल्टेज १३.७ येतंय हे बघितलं, प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. गुरुवारचा चोर गेला. मावशीने चहा टाकला. तिच्या लेखी काम झालं होतं.

माझ्या लेखी ते इथून सुरू झालं. आवाज करणारा बिघाड सज्जन असतो. तो आपण होऊन पुढे येतो, शेजाऱ्यांच्या शिव्या खातो, पण आहे ते सांगतो. अलार्ममध्ये त्याच्या शेजारी दुसऱ्या जातीचा बिघाड राहतो: तारेत, कॉन्टॅक्टमध्ये, सिमकार्डात. तो काही बोलत नाही. त्याची तक्रार कुणी करत नाही. हिरवा दिवा लागलेला असतो, महिन्यामागून महिने जातात, आणि तो आहे हे पहिल्यांदा कळतं ते घर फुटल्यावर. माणसं वाजणारा अलार्म दुरुस्त करायला धावतात. न वाजणारा दुरुस्त करायचं कुणाच्या मनात येत नाही. शहाणपण असतं तर व्हिजिटचे पैसे या न वाजणाऱ्यासाठी मोजले असते.

या दोन जातींचं भांडण अलार्मच्या जन्मापासूनचं आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या समरव्हिल गावच्या ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये विजेवर चालणाऱ्या चोर-घंटीचं पेटंट घेतलं. दार उघडलं की दोन टोकं जुळायची, प्रवाह वाहायला लागायचा आणि पितळी घंटेवर हातोडी आपटायची. चोराने घाबरून दार पुन्हा लावलं तरी घंटा थांबू नये, याचीही सोय त्यांनी केली होती. कल्पना नामी, पण तिच्या मुळातच एक भोक आहे. दार बंद असताना तारेत प्रवाहच नाही. तार तोडली तर? बॅटरी वाळली तर? घरात शांतता. दार बंद असल्याची जशी शांतता, अगदी तशीच.

हेच भोक दुसऱ्या एका माणसाला आगगाडीच्या रुळांत सापडलं. विल्यम रॉबिन्सन यांनी पुढे गाडी आहे हे सिग्नलला कळावं म्हणून आधी असंच उघडं सर्किट करून बघितलं: गाडी आली की प्रवाह सुरू. मग त्यांच्या लक्षात आलं की बिघाड झाला तर हे सर्किट 'रूळ मोकळा आहे' असंच सांगत राहणार. त्यांनी सगळं उलटं केलं आणि १८७२ मध्ये बंद सर्किटचं पेटंट घेतलं. रूळ मोकळा असेल तेव्हा रुळांतून प्रवाह वाहत राहतो आणि एक रिले उचलून धरतो. गाडीची चाकं आली की प्रवाह मधेच वळतो, रिले पडतो, सिग्नल लाल. आणि तार तुटली, बॅटरी संपली, रुळाला तडा गेला, तरी रिले पडतो आणि सिग्नल लालच. पावसाळ्यात सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी भरलं की लोकल ठप्प होतात आणि सगळी मुंबई सिग्नल यंत्रणेच्या नावाने बोटं मोडते. त्यातला बराच भाग या रॉबिन्सनसाहेबांच्या कृपेने असतो. पाण्यातून प्रवाह गळतो, यंत्रणेला खात्री देता येत नाही, ती लाल दाखवते. ऑफिसला उशीर होतो तो त्यामुळे, आणि दोन गाड्या एकमेकींवर जात नाहीत त्याही त्यामुळेच.

कारखान्यात आम्ही हेच तत्त्व रोज जेवणासारखं वापरायचो. टाकीच्या पातळीचा संदेश ४ ते २० मिलिअँपिअरच्या प्रवाहाने येतो. टाकी रिकामी म्हणजे ४, भरलेली म्हणजे २०. नवी पोरं विचारायची, मॅडम, शून्यापासून का नाही? कारण शून्य ही जागा मोकळी ठेवलेली असते, तुटलेल्या तारेसाठी. टाकी रिकामी असणं आणि टाकीची बातमी न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या दिसल्याच पाहिजेत.

तर हा चष्मा लावून मी मावशीचा पॅनल पुन्हा उघडला, आणि पहिल्याच नजरेत कपाळाला हात लावला. आतल्या स्क्रूंवर एका रांगेत, टाय लावून, देखणे बसवलेले रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला अडथळा करणारे, ओममध्ये मोजले जाणारे छोटे भाग.

याचं थोडं सांगावं लागेल, कारण इथे बरीच घरं फसलेली असतात. अलार्मची तार पॅनलमधून निघते, दारावरच्या कॉन्टॅक्टपर्यंत जाते आणि परत येते. तिच्या टोकाला, म्हणजे दाराजवळ, कॉन्टॅक्टच्या आतच एक ठरावीक मापाचा रेझिस्टर घालायचा असतो. मावशीच्या पॅनलला ४.७ किलोओमचा लागतो. मग पॅनल नुसतं 'जोडलंय की तुटलंय' विचारत नाही, तर 'मला बरोबर ४.७ दिसतायत का' असं विचारतं. दार उघडलं किंवा तार तुटली, तर अनंत ओम, म्हणजे गडबड. तारेचे दोन पदर एकमेकांना चिकटले, तर शून्य ओम, तीही गडबड. कारखान्यातल्या ४ मिलिअँपिअरचा हा घरगुती भाऊ. पण दारावरचा छोटा कॉन्टॅक्ट उघडून त्यात रेझिस्टर बसवणं किचकट काम. पॅनलमध्येच स्क्रूखाली दाबला की पॅनलला ४.७ दिसतात, दिवा हिरवा होतो, काम पाच मिनिटांत. मग पुढे तारेचं काहीही झालं आणि दोन पदर जुळले, तरी पॅनलला ४.७च दिसणार. रखवालदाराने आपल्याच खिशातल्या किल्ल्या मोजून सगळी कुलपं शाबूत असल्याचं सांगावं, तसं हे.

प्रत्येक झोन तपासायला बसलो. मावशी एकेक खिडकी उघडायची आणि ओरडून सांगायची, मी मीटर बघायची. "उघडली गं!" आकडा उडाला, ठीक. "ही पण उघडली!" ठीक. मागच्या बेडरूमची खिडकी आली. "उघडली!" मीटर ढिम्म. "मावशी, उघड की." "अगं, सताड उघडी आहे, हात बाहेर काढून दाखवू का?"

ती तार माळ्यावरून गेलेली. लांब तारेत बिघाड शोधायचा तर टोकापासून चाचपडत जायचं नसतं. मधल्या जोडापाशी सोडवायची, दोन्ही अर्धे वेगळे मोजायचे, वाईट अर्धा धरायचा, त्याचा पुन्हा अर्धा. असं करत जुन्या पितळी भांड्यांच्या पोत्यामागे पोचलो. तिथे उंदराने तारेचं कातडं शिस्तीत सोलून ठेवलं होतं आणि तांब्याचे दोन पदर एकमेकांना बिलगून बसले होते. त्याने तार पुरती कुरतडून तोडली असती तर पुढच्या वेळी अलार्म लावतानाच कळलं असतं. त्याने नुसती सोलली. खिडकी किती काळ उघड्यासारखी होती हे सांगायला नोंदीत काहीच नव्हतं. मुक्या बिघाडाची तारीख नसते. तार बदलली, आणि सगळे रेझिस्टर पॅनलमधून काढून ज्याच्या त्याच्या दारावर नेले. वेळ गेला, मान आखडली, पण आता उंदराने काहीही केलं तरी बातमी येईल.

पुढच्या दाराचा कॉन्टॅक्ट आणखी मजेशीर निघाला. त्यात काचेची एक बारीक नळी असते, नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पट्ट्या. दारावरचं चुंबक जवळ असलं की पट्ट्या चिकटतात, दार उघडून चुंबक दूर गेलं की सुटतात. ही रीड स्विचची कल्पना १९३६ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या एलवूड यांची. टेलिफोनच्या यंत्रणांत ती कोट्यवधींनी वापरली गेली, मग दारांवर आली. मावशीकडे आतलं सागवानी दार आणि बाहेरून लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर. कॉन्टॅक्ट लोखंडावर थेट चिकटवलेला. लोखंड चुंबकाची रेषा आपल्याकडे ओढून घेतं, त्यामुळे इंचभराऐवजी चार-पाच मिलिमीटरची फट झाली तरी पट्ट्या सुटायच्या, आणि जोराचा वारा आला की झोन चमकायचा. मधे प्लॅस्टिकची जाड पट्टी घातली आणि तो प्रश्न मिटला. मागचं दार साध्या लाकडाचं. ते पावसाळ्यात फुगतं, चौकटीत पूर्ण बसत नाही, आणि जून ते सप्टेंबर कुरकुरतं. हे दोन्ही ओरडणारे बिघाड, म्हणून दोन्ही सगळ्यांना पाठ. गॅलरीच्या दारावरचा कॉन्टॅक्ट मात्र दार उघडा, मिटा, काही केलं तरी 'बंद'च म्हणत होता. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की तारांत क्षणभर मोठा झटका येतो, आणि रीडच्या पट्ट्या एकमेकींना वितळून चिकटू शकतात. इथे तसंच झालं असावं. नळी हातात घेऊन हलवली तरी पट्ट्या सुटेनात. चाळीस-पन्नास रुपयांची वस्तू. सरळ नवी घातली.

आता पालीचं. खोलीतले हालचाल टिपणारे सेन्सर प्रत्यक्षात हालचाल बघतच नाहीत. ते उष्णता बघतात. माणसाच्या अंगातून अवरक्त किरण निघत असतात. सेन्सरच्या पुढचं दुधी प्लॅस्टिक हे बारीक भिंगांचं जाळं असतं, ते खोलीचे पंख्यासारखे पट्टे पाडतं. आत दोन घटक शेजारी शेजारी, उलटसुलट जोडलेले. खोली सगळीच तापली तर दोन्हींवर सारखा परिणाम आणि बेरीज शून्य. पण गरम वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली की आधी एक घटक उठतो, मग दुसरा, आणि सेन्सर म्हणतो, कुणीतरी आहे. म्हणूनच समोरून आडवं चालणारा लगेच सापडतो आणि सरळ सेन्सरच्या रोखाने येणारा उशिरा. पाल थंड रक्ताची; खोलीच्या तापमानातच असते, समोरच्या भिंतीवरून सेन्सरला ती जवळजवळ दिसत नाही. पण ती भिंगावरच चढली, ट्यूबलाइटच्या किड्यांच्या मागे लागून, तर एवढ्या जवळून सगळा पट्टाच झाकते आणि उघडते. मग वाजतो. म्हणजे आळ अगदीच खोटा नाही. उपाय साधा: सेन्सर दिव्यापासून लांब घ्यायचा आणि त्याच्या मागचं तार जायचं भोक सिलिकॉनने बुजवायचं, म्हणजे कोळी आणि मुंग्या आत घर करत नाहीत. पश्चिमेच्या खिडकीसमोर सेन्सर नको, कारण ढग येऊन-जाऊन ऊन फरशीवर लपंडाव खेळतं. पंख्याखाली हलणारा पडदाही नको.

पाल, कोळी, पडदा ही आवाजी मंडळी. याच सेन्सरचा मुका बिघाड उन्हाळ्यात असतो, आणि त्यात सेन्सर बिघडलेलाही नसतो. माणसाची कातडी आणि कपडे ३२ ते ३५ अंशांच्या आसपास. मे महिन्याच्या दुपारी बंद घराच्या भिंती तेवढ्याच तापल्या की माणूस भिंतीत विरघळतो. सेन्सरला फरकच दिसत नाही. चांगल्या सेन्सरमध्ये तापमान वाढलं की संवेदनशीलता वाढवायची सोय असते, स्वस्तात ती नसते किंवा नावापुरती असते. विदर्भातल्या ४५ अंशांत काय होत असेल! आणि सुट्टीत घरं बंद करून लोक गावाला जातात तोही मे महिनाच. माझं मत विचाराल तर आपल्याकडे नुसत्या खोलीतल्या सेन्सरवर विसंबणं चूक आहे. दाराखिडक्यांचे कॉन्टॅक्ट कटकटीचे असले तरी उन्हाने आंधळे होत नाहीत. निदान वर्षातून एकदा, भर उन्हाळ्याच्या दुपारी, पंखे बंद करून खोलीतून चालून बघावं, सेन्सरवरचा लाल ठिपका लागतो का. सगळे चालून बघतात ते अलार्म बसवल्या दिवशी, आणि बसवतात ते बहुतेक दिवाळीत.

राहिला फोन. हूटर वाजल्यावर पॅनलने चार जणांना फोन करायचा असतो, त्यासाठी डायलर आणि त्यात एक सिमकार्ड. फोन आणि चोर-घंटीचं नातं जुनं आहे. १८७७ मध्ये बॉस्टनला टेलिफोनचं पहिलंवहिलं एक्स्चेंज चाललं ते होम्स नावाच्या बापलेकांच्या चोर-घंटीच्या तारांवर. दिवसा त्या तारांवरून बोलायचं, रात्री त्याच तारांनी राखण करायची. त्या तारा निदान रोज वापरल्या जायच्या, त्यामुळे तुटली की सकाळी कळायचं. मावशीच्या डायलरमधलं सिम कुणी कधी वापरत नव्हतं. रिचार्जची मुदत संपली होती. कंपनीने त्याचे मेसेज नियमाने पाठवले असणार, त्याच सिमवर, पत्र्याच्या डब्यात. नंबरांची यादी तर वाचण्यासारखी होती. पहिला नंबर या घराचाच लँडलाइन, जो केव्हाच परत केलेला. दुसरा मावसभावाचा कॉलेजातला. तिसरा काकांचा, म्हणजे मावशीच्या यजमानांचा. ते जाऊन बरीच वर्षं झाली. तो नंबर वाचल्यावर मावशी काही बोलली नाही, गॅसवरचं दूध बघायला उठली. चौथा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा, जिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

दुकानदाराने स्वस्तातलं म्हणून फक्त फोरजीवर चालणारं सिम दिलं, ते या जुन्या टूजी डायलरमध्ये उठेचना. बदलून आणलं. वर्षाची वैधता एकदम भरली. मग नंबर: शेजारचे काका, मी, मावशीचा स्वतःचा मोबाइल, आणि तिच्या भिशीतली दोन गल्ल्या पलीकडची मैत्रीण, जी रात्री दोनला फोन उचलते असा तिचा लौकिक आहे. सिडनीचा नंबर मी घातला नाही. मावसभाऊ थोडा हिरमुसला. पण तिथून तो काय करणार, आम्हालाच उलटा फोन करणार. शिवाय चौघांच्या मोबाइलमध्ये हा नंबर नावाने जतन केला, कारण अनोळखी नंबर आता फोन स्वतःच स्पॅम म्हणून बाजूला टाकतो. एकाने "त्यापेक्षा कॅमेरे लाव" असंही सुचवलं. लावावेत. पण ओळखीच्या एका घरी चोरी झाल्यावर कळलं की रेकॉर्डिंगची हार्ड डिस्क कधीच बंद पडली होती आणि पडद्यावर मात्र चित्र छान दिसत होतं. जात तीच.

हे सगळं झाल्यावर संध्याकाळी मागच्या दारापाशी गेले तर दाराला टेकवून स्टीलच्या पातेल्यांची उतरंड. वर झाकण, झाकणावर पळी.

"हे काय?"

"माझा अलार्म," मावशी म्हणाली. "तुमचा तो मी बाहेर जाताना लावते तेवढाच. रात्रीचा लावतच नाही गं. एकदा दोन वाजता वाजला, सगळी गल्ली दारात. शेजारच्या काकांचं बीपी वाढलं. नको बाई."

म्हणजे मी दिवसभर जो पॅनल दुरुस्त करत होते तो रात्री चालूच होत नव्हता. सगळ्यात मोठा मुका बिघाड चपलांच्या कपाटावर नव्हताच. आणि तो ओरडणाऱ्या बिघाडांनीच घडवला होता. गुरुवारच्या प्रत्येक खोट्या हाकेने मावशीचा हात त्या बटणापासून थोडा थोडा दूर गेला होता. तिला दोष देता येत नाही. कारखान्यातही असंच व्हायचं. एखादा अलार्म फार कुरकुरला की रात्रपाळीचा ऑपरेटर त्याच्या बझरवर चिकटपट्टी लावायचा. चिकटपट्टी दिसली की आम्ही ऑपरेटरला बोलायचो नाही, अलार्म तपासायचो.

हूटरची वेळ तीन मिनिटांवर आणली. रात्री फक्त दारं-खिडक्या जाग्या आणि खोल्यांतले सेन्सर झोपलेले अशी सोय त्या पॅनलमध्ये पहिल्यापासून होती. कुणी तिला दाखवली नव्हती. आता ती रात्री पाणी प्यायला उठली तरी काही वाजत नाही. पातेल्यांची उतरंड राहू दे म्हटलं. तिला बॅटरी लागत नाही.

मग ठरवलं की दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी अकराला चाचणी घ्यायची: मेन स्विच बंद, एक दार उघडायचं, हूटर वाजतो का, चौघांना फोन जातो का. ठोकून बघितल्याशिवाय मुका बिघाड सापडत नाही. शेजारच्या काकांना सांगून आले. त्यांनी तारीख कॅलेंडरवर लिहून घेतली आणि म्हणाले, "छान, म्हणजे एक तारखेला वाजला की लक्ष द्यायचं नाही."

मावशीने ऐकलं. "आणि चोर एक तारखेलाच आला तर?"

या वाक्यासाठी कारखान्यात तिला नोकरी मिळाली असती. पुन्हा बसलो. तारीख रद्द केली. आता चाचणी कधीही होते. आधी मावशी काकांना फोन करते, "घेतेय हो चाचणी," आणि मग दार उघडते. फोन आला नाही आणि हूटर वाजला, तर चाचणी नाही, काकांनी यायचं. काकांनी विचारलं, आणि मी बाहेर असलो तर? म्हणून पाचवा नंबर घातला, पलीकडच्या बंगल्यात राहणाऱ्या भाडेकरू पोरांचा. ती रात्री जागीच असतात.